पाठीवरचा दुसरा पंजा

१

शर्यतीत माझं काम एकच असे. पळत आलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारायची.

दर सव्वीस जानेवारीला तळंदूरच्या भुईकोटापासून शर्यत सुटे. वेदगंगेच्या उत्तर काठाने कडलगीपर्यंत, कडलगीच्या दगडी पुलावरून पलीकडे, मग दक्षिण काठाने माघारी, आणि शेवटी बंधाऱ्यावरून नदी ओलांडून पुन्हा कोटापाशी. अठरा किलोमीटरचा फेरा. पत्रकावर दर वर्षी छापलेलं असे : 'दोन ऐतिहासिक पेठांना जोडणारी नयनरम्य नदीफेरी'. हे शब्द माझेच. १९७१ साली शर्यत सुरू केली तीही मीच. कॉलेजात असताना मी लांब पल्ल्याचं पळत होतो. पुढे बेळगावच्या एका दैनिकाचा वार्ताहर झालो, खडेबाजारातल्या एका माडीवर बसून वीस वर्षं लोकांची भांडणं लिहिली आणि स्वतःचीही बरीच केली, पण पळणं सुटलं नाही.

पहिल्या वर्षी कडलगीच्या वळणावर, तिथवर पोचल्याची खूण म्हणून, आम्ही चिठ्ठ्या वाटल्या. पोरं उसात लपून बसली आणि मित्रांच्या चिठ्ठ्या घेऊन परत आली. दुसऱ्या वर्षापासून मी घमेल्यात तांबडी काव कालवून पुलावर उभा राहू लागलो. उजवा पंजा बुडवायचा आणि येईल त्याच्या बनियनवर, दोन खांद्यांच्या मधोमध, मारायचा. माझा अंगठा उमेदवारीच्या काळात छापखान्यातल्या ट्रेडल मशीनमध्ये सापडला होता. त्यावर तिरपा वण आहे, आणि तांबड्या ठशात तो पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. 'या अंगठ्याची नक्कल जिल्ह्यात कुणाला जमायची नाही,' असं मी दर वर्षी भाषणात सांगत असे आणि लोक टाळ्या वाजवत.

१९७८ साली शेवटचा पळणारा वळवून मी जीपने तळंदूरला पोचलो. शर्यत संपलेली. पोरं कोटाच्या पायरीवर ओळीने बसली होती, माझ्याकडे पाठ करून, गूळ-शेंगदाणे खात. सदतीस पाठी, सदतीस तांबडे पंजे.

आणि खाली, कमरेच्या जरा वर, प्रत्येकाच्या बनियनवर दुसरा एक पंजा होता. काळपट तपकिरी. लहान, बाईच्या हाताएवढा.

मी एकाच्या पाठीवर बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं.

२

'कोण होतं रे वाटेत? कुणी मारला हा?'

पोरं एकमेकांच्या पाठी बघून हसायला लागली. कुणाला पत्ताच नव्हता. गर्दीत, धापेत, कोण कुठे लक्ष देतो. एकाने सांगितलं, बंधाऱ्यावर काहीतरी लागलं खरं, त्याला वाटलं मागच्याचा हात.

शर्यतीचे चिटणीस यल्लाप्पा होते. नदीकाठच्या साखर कारखान्यात ते कामगार अधिकारी. इस्त्रीचा सफारी, केसांना तेल, आणि कुणाच्याही खांद्यावर हात टाकून बोलायची सवय. त्यांनी माझ्याही खांद्यावर टाकला.

'काय भीमसेन अण्णा, सण हाय आज. पोरांनी चेष्टा केली असंल.'

'सदतीस जणांची? पळता पळता?'

'तुमी पेपरवाले लई खोलात जाता बघा. चला, बक्षिसं वाटूया.'

दुसरा आलेला शामू पायरीच्या टोकाला एकटा बसला होता. तळंदूरच्याच बौद्धवाड्यातला, निपाणीच्या कॉलेजात बी.ए.ला. गूळ हातात तसाच. मी शेजारी बसलो.

'तुला कळलं का रे, कुठं लागला हात?'

'बंधाऱ्यावर,' तो म्हणाला. 'मधल्या खांबापाशी. मागं कोणच नव्हतं, अण्णा. मी वळून बघितलं.'

'मग?'

'मला वाटलं आक्का हाय. दर साली तितंच थांबायची न्हवं ती. पाठीवर हात टेकून म्हणायची, जा रं, जा.' त्याने गूळ खाली ठेवला. 'गरम हुता हात. लई गरम.'

मालुबाई, त्याची थोरली बहीण, नोव्हेंबरात गेली होती. तिच्या मरणाची बातमी मीच लिहिली होती.

निघण्याआधी मी एकाची बनियन मागून घेतली आणि पायरीवर पसरून नीट पाहिली. तळवा होता. चार बोटं होती. अंगठा नव्हता. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. एकाही पंजाला अंगठा नव्हता.

३

आता नोव्हेंबरचं सांगितलं पाहिजे. सांगताना तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

कारखान्याच्या मागे मळीचा उघडा हौद होता. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. तो आंबतो, फसफसतो, आतल्या आत तापतो. वास गोड असतो, आणि त्या गोडाच्या तळाशी कुजकं काहीतरी. हौदावर टाकलेल्या फळ्या सडल्या होत्या. त्यांच्यावरून रोजंदारीच्या बाया फेस काढायचं काम करत. मालुबाई त्यातली एक. फळी मोडली.

मी पोचलो तेव्हा तिला बाहेर काढून पोत्यावर ठेवलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत काळी चकचकीत, केस आणि लुगडं एकच झालेलं. नाकपुड्यांतून अजून बुडबुडे येत होते, तिचे नव्हेत, मळीचे. मुंगळ्यांची रांग लागली होती आणि त्यांना कुणी झाडत नव्हतं.

सगळ्या अंगात एकच जागा स्वच्छ होती. उजव्या हाताचा अंगठा. कुणीतरी ओल्या फडक्याने तो मुळापासून नीट पुसला होता, आणि त्याच्या पेरावर निळी शाई होती.

यल्लाप्पांनी ऑफिसात मला कागद दाखवला. 'सदर बाईने आठ दिवसांपूर्वी राजीखुशीने काम सोडले आहे.' खाली अंगठा. शाई पुरती वाळलेली नव्हती. कागद उचलताना माझ्या बोटाला लागली.

'मळी चोरायला आली हुती,' ते म्हणाले. 'दारू गाळायला नेत्यात ह्या बाया. आमी तरी काय करणार, अण्णा? चहा घ्या.'

मी चहा घेतला.

बाहेर तिची आई, तानीबाई, फाटकाला धरून उभी होती. रडणं संपलेलं. माझ्या हातातली वही बघून पुढे आली.

'तू पेपरवाला न्हवं? एवढंच छाप बाबा. माजी पोरगी चोर न्हवती. कामावर हुती. सकाळी भाकरी बांधून दिली मी तिला. कामावर हुती, एवढंच.'

'छापतो, आक्का.'

आणीबाणी उठून आठ महिने झाले होते. कुणी माझा हात धरला नव्हता. माझा दरारा असा, की मामलेदार मला उठून खुर्ची देत. पण कारखाना शर्यतीचा आश्रयदाता होता. जीप त्यांची, मांडव त्यांचा, बक्षिसं त्यांची. हे छापलं असतं तर शर्यत बंद पडली असती. माझी शर्यत, माझी नयनरम्य नदीफेरी, माझा पंजा. मी चार ओळी लिहिल्या : 'मळीच्या हौदात पडून स्त्रीचा मृत्यू. सदर स्त्री चोरीच्या उद्देशाने शिरली असावी असे व्यवस्थापनाचे म्हणणे.'

व्यवस्थापनाचे म्हणणे. या दोन शब्दांच्या आड किती माणसं पुरता येतात, ते वार्ताहराला विचारा.

४

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. काकतीजवळ एका झाडावर दिवे दिसतात म्हणून बोभाटा झाला होता, तेव्हा मी भर दुपारी त्या झाडावर चढून बॅटरी शोधून आणली होती. इथेही तसंच काहीतरी निघणार. बंधाऱ्याच्या कठड्याला कुणी मळी फासली असेल, पोरं घासून गेली असतील. पण कठडा पाठीला कसा लागेल? आणि बोटं कशी उमटतील?

तेव्हा स्वतः पळून पाहायचं ठरवलं. शर्यतीनंतर आठव्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, पांढरी बनियन घालून मी कोटापासून निघालो. कुणाला सांगितलं नाही.

उत्तर काठ चांगला आहे, खोटं कशाला बोलू. चिंचांची सावली, तंबाखूची रुंद पानं, पाण्यावर वाफ. कडलगीच्या घाटावर बाया धुणं धूत होत्या. एकीने ओरडून विचारलं, 'अण्णा, शर्यत संपली की! आता कुनाच्या मागं?' सगळ्या खिदळल्या. मीही हसलो. पुलावर, जिथे मी दर वर्षी उभा असतो, तिथे घमेल्यातल्या कावेचे शिंतोडे अजून दगडावर होते.

दक्षिण काठाला वळलो आणि वास आला.

कारखाना आपली घाण ओढ्याने नदीत सोडतो. सात वर्षं मी या काठावर लेख लिहिले, त्यात बगळे होते, सूर्योदय होता, हा ओढा नव्हता. पाणी तपकिरी, वर हाताएवढा जाड फेस. मासे पोट वर करून काठाला लागलेले, डोळे कावळ्यांनी काढलेले. पाऊल उचललं की बुटाच्या तळाला चिखल तार धरी. जिभेवर गोड चव बसली. मी थुंकलो, पुन्हा थुंकलो, गेली नाही.

हौदाच्या कुंपणाजवळून जाताना माझ्या पावलांचा आवाज बदलला. चप्, चप्. चिखल आहे, होणारच. मी वेग वाढवला. आवाजही वाढला. मी एकदम थांबलो.

मागे एक पाऊल जास्त पडलं.

वळून पाहिलं. पायवाट रिकामी. उसाचं एकही पान हलत नव्हतं. कारखान्याचा भोंगा वाजला, दहाचा. मी मोठ्याने म्हणालो, 'प्रतिध्वनी.' पन्नाशीला आलेला माणूस मोकळ्या शेतात एकटा उभा राहून प्रतिध्वनी म्हणतो, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

५

बंधारा साधाच आहे. दगडी खांब, त्यांच्यामध्ये लाकडी फळ्या घालून पाणी अडवलेलं, वरून चार फूट रुंद वाट. जानेवारीत वरच्या अंगाला पाणी वाटेच्या हातभर खाली येऊन टेकतं. तिथे बारा फूट खोली आहे. उभं राहायला जागा नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण मी हे त्या वेळी स्वतःला तीनदा सांगितलं.

पलीकडच्या टोकाला एक बाई पाठमोरी बसून भांडी घासत होती. माणूस दिसल्यावर बरं वाटलं. मी पळत निघालो.

वरच्या अंगाचा फेस फळ्यांना येऊन थटला होता आणि श्वास घेतल्यासारखा थोडा वर, थोडा खाली होत होता. पहिला खांब गेला. दुसरा गेला. मधल्या खांबापाशी मी मुद्दाम डावीकडे, पाण्याकडे पाहिलं.

फेसाला चार भोकं पडली. शेजारी शेजारी, एक थोडं मागे, पिठात कुणी खालून बोटं काढावीत तशी. मी पाहत असतानाच ती मिटली.

आणि कमरेच्या वर, मणक्यावर, हात टेकला.

गरम. तापातल्या माणसाचा असतो तसा, ओला, जड. ढकललं नाही त्याने. नुसता टेकला, बोटं पसरून, आणि बनियनमधून ओल कातडीपर्यंत पोचेतो तिथेच राहिला. मला चारही बोटं वेगवेगळी कळली. पाचव्याच्या जागी काही नव्हतं, त्या जागेवर माझी कातडी वाट पाहत होती. मग तो सुटला, आणि सुटताना कापड चिकटून ओढलं गेलं.

मी पळालो नाही. पळालो असं लिहिलं तर बरं दिसेल. मी खाली बसलो आणि वाटेवर सगळं ओकलो.

भांडी घासणारी बाई उठून आली. तानीबाई होती. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि मागे जाऊन माझी पाठ बघत राहिली, बराच वेळ.

'तुलाबी मारला व्हय,' ती म्हणाली.

'आक्का, हे काय आहे?'

'मला काय इचारतोस? शिकलेला तू.' तिने राख लागलेली बोटं लुगड्याला पुसली. 'छापतो म्हणालतास.'

'छापतो.'

'व्हय,' ती म्हणाली, आणि पुन्हा भांड्यांकडे गेली.

६

मी छापलं नाही.

कारणं भरपूर होती. दोन महिने जुनी बातमी कोण घेतो. पुरावा काय, पुसलेला अंगठा? तो तिच्याबरोबर सरणावर जळून गेला. पंचांनी शर्यतीत गैरप्रकार झाला नाही असं लिहून दिलं, त्याखाली माझी सही आहे. पुढच्या वर्षी मी पंचाचं काम सोडलं आणि गुडघ्याचं निमित्त सांगितलं. शर्यत चाळीस-पन्नास पोरांनिशी आणखी दोनदा झाली आणि बंद पडली. जी वाचवायची म्हणून मी गप्प बसलो, ती अशी गेली.

त्या दिवशीची माझी बनियन मात्र ठेवली. वार्ताहराची सवय. वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेच्या तळाशी. घरात मुंगळे झाले. दर उन्हाळ्यात भिंतीवरून रांग यायची आणि ट्रंकेच्या कडीपाशी थांबायची. बायको, लक्ष्मीबाई, रॉकेल ओतून थकली.

'काय गोड ठेवलंय हो तुमी त्यात?' ती विचारायची.

'जुने कागद.'

'कागदाला मुंगळं लागत्यात व्हय?'

आठ वर्षं मी पाटबंधाऱ्याचे घोटाळे काढले, सीमाप्रश्नावर लाठ्या खाल्ल्या, दोन आमदारांना कोर्टात खेचलं. लोक म्हणायचे, भीमसेन अण्णा कुणाला भीत नाही. प्रत्येक वेळी हे ऐकलं की तोंडात ती चव यायची.

७

१९८६च्या मार्चमध्ये एका मित्राच्या वाटणीपत्रावर साक्षीदार म्हणून चिकोडीच्या रजिस्ट्रार कचेरीत गेलो. सही केली. कारकुनाने अंगठाही मागितला. त्याने माझा उजवा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर.

कागद कोरा.

'जोरात दाबा की, सर.'

पुन्हा पॅड, पुन्हा कागद. अंगठा निळाशार, शाई खाली ओघळतेय, कागदावर काही नाही. त्याने फडक्याने पुसलं, साबणाने धुवायला लावलं, पॅड बदललं. स्वतःचा अंगठा लावून पाहिला, तो स्वच्छ उठला. माझा उठेना. रांगेतले लोक हसायला लागले.

'अंगठाच उमटत न्हाय की वो तुमचा,' कारकून म्हणाला. 'दुसरा साक्षीदार आणा. ही साक्ष चालत न्हाय.'

त्याच्या हातात अजून ते ओलं फडकं होतं. त्याने माझा अंगठा मुळापासून नीट पुसला होता.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. वर्तमानपत्र पिवळं पडून भुगा झालेलं. बनियन मात्र ओली होती. आठ वर्षांनी ओली आणि कोमट, त्या वासासकट. उन्हात, अंगणात पसरली. तळवा होता तसाच होता. चार बोटं होती तशीच.

बाजूला अंगठा होता.

तो त्या पंजाच्या मानाने मोठा होता. पुरुषाचा. आणि त्यावरून एक तिरपी पांढरी रेघ गेली होती.

त्याच दुपारच्या एस.टी.ने तळंदूरला गेलो. शामू आता बेळगावात हायस्कूलला शिकवतो. तानीबाई एकटीच दारात बसली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी बनियन तिच्या मांडीवर ठेवली. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

तिने बघितलं नाही, चाचपलं. तळव्यावरून हात फिरवला, एकेक बोट मोजल्यासारखं धरलं. अंगठ्यापाशी थांबली. त्यावर आपला अंगठा ठेवून बसली. मुंगळे तिच्या मनगटावर चढत होते, ती झाडत नव्हती.

'आता हात पुरा झाला तिचा,' ती म्हणाली. बनियन घडी करून तिने काखेत घेतली. मला परत दिली नाही. 'आता लिव्ह.'

म्हणून लिहितो. माझ्या दैनिकाने हे घेतलं नाही, तेव्हा जिथे छापलं जाईल तिथे देतो आहे.

मालुबाई चोर नव्हती. फळी मोडली त्या सकाळी ती कामावर होती. राजीखुशीच्या कागदावरचा अंगठा ती मेल्यानंतर घेतलेला आहे. शाई ओली असताना तो कागद मी हातात धरला होता.

वाचकहो, हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर, सहीखाली, मी अंगठा लावला आहे. लावला आणि पान लगेच पालथं ठेवलं. उमटला की नाही, ते मी पाहिलेलं नाही.